एकविसावा गोळा

माझ्या नवऱ्याला चाकावर साधी पणती काढता येत नसे. हे एकदा हौसेनं बसले होते. पाच मिनिटांत मातीचा गोळा चाकावरून सुटला आणि समोरच्या भिंतीवर जाऊन बसला. "हे तुझं काम," म्हणाले, हात धुतले आणि पेपर वाचायला गेले. पण माती मळावी तर त्यांनीच. माझे मग, वाडगे, बरण्या हातात घेऊन लोक वर्षानुवर्षं म्हणत आले, "काय हात आहे हो तुमचा!" त्यातला अर्धा हात माझा नव्हताच, हे मी कुणाला सांगितलं नाही. त्यांनीही सांगू दिलं नसतं.

मी मातीकडे उशिरा वळले, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली आणि दुपारी घर खायला उठू लागलं, तेव्हा कोथरूडला एका बाईंकडे आठवड्यातून तीनदा शिकायला जाऊ लागले. वेडच लागलं म्हणा. दोन वर्षांत खडकी स्टेशनजवळच्या आमच्या तळमजल्याच्या फ्लॅटची मागची गॅलरी पत्रे लावून बंद केली. तिथे चाक आलं, फळ्या आल्या आणि कोपऱ्यात कपाटाएवढी विजेची भट्टी आली. मग प्रदर्शनं सुरू झाली. दिवाळीच्या आधी, संक्रांतीच्या आधी, कधी एखाद्या शाळेच्या मैदानावर, कधी मंगल कार्यालयात. शेजारी गोधड्या, समोर बांबूच्या टोपल्या आणि मध्ये मी, माझे मग मांडून बसलेली.

चार-पाच वर्षांत मनगटांनी दगा दिला. चाकावर बसल्यावर फार जोर लागत नाही, तिथे युक्ती लागते. जोर लागतो तो आधी, मळताना. माती तारेनं कापायची, अर्धी अर्ध्यावर आपटायची, तळव्यांनी रेटायची, पुन्हा कापायची. आत हवा राहता कामा नये, एक भाग कडक आणि एक मऊ असं होता कामा नये. डॉक्टरांनी मनगटाला पट्टा दिला आणि म्हणाले, कणीकसुद्धा मळू नका. त्याच सुमाराला हे निवृत्त झाले. छत्तीस वर्षं खडकीतच कारखान्यात, तपासणी खात्यात काढलेली. आलेला माल पास करायचा, नाहीतर परत पाठवायचा. आता घरी बसून ते मला पास-नापास करू लागले. भाजी नापास, पडद्याचा रंग नापास. एके दिवशी वैतागून म्हटलं, "अहो, हात रिकामे आहेत तर माती तरी मळा." उठले आणि मळायला लागले. मग अकरा वर्षं थांबले नाहीत.

सकाळी सात वाजता मागून आवाज यायचा. धप. थोडा वेळ शांत, तेवढ्यात तार ओढून झालेली असायची, मग पुन्हा धप. त्या आवाजाला मी इतकी सरावले होते की तो ऐकतच पहिला चहा ठेवायची. शनिवारी आठवड्याची माती तयार व्हायची. स्वयंपाकघरातला वजनकाटा मागे न्यायचे आणि मगाचा गोळा म्हणजे चारशे ग्रॅम, वर एक ग्रॅम गेला तरी चिमूट काढायचे. मी म्हणायची, एवढं नेमकं नको हो. ते पुढची चिमूट काढायचे. गोळा वळून झाला की त्यावर उजव्या हाताची एक थाप मारायचे. थाप म्हणजे पास. त्या थापेनं गोळा वरून थोडा चपटा व्हायचा आणि चार बोटं उमटायची. तीन नीट आणि करंगळीशेजारचं मध्येच संपलेलं. लहानपणी गावाकडे कडबा कापायच्या यंत्रात त्या बोटाचं वरचं पेर गेलं होतं. मग गोळा ओल्या फडक्यात, फडकं प्लास्टिकमध्ये, आणि सगळे गोळे झाकणाच्या निळ्या पिंपात.

आणि वीस गोळे सांगितले तर एकवीस व्हायचे. ही त्यांच्या घरची पद्धत. सासरे मार्केट यार्डात भाजी विकायला आणायचे आणि माल मोजून दिला की वर एक टाकायचे. मोजणारा माणूस आहे, चुकला असेल म्हणून. पहिल्यांदा मी पिंपातले गोळे मोजले आणि विचारलं, "हा एक कशाला जास्तीचा?"

"एक तुझ्या चुकीचा," म्हणाले.

मला राग आला होता. पण त्या आठवड्यात विसातला एक मग खरोखरच चाकावर कोलमडला आणि मी गुपचूप एकविसावा गोळा काढला. तेव्हापासून तो चुकीचाच गोळा झाला.

आमच्या कामात एक साधी परीक्षा असते. भांडं सुकलं की नाही हे डोळ्यांना कळत नाही, म्हणून भट्टीत घालण्याआधी ते गालाला लावून बघायचं. गार लागलं तर आत ओल आहे. ओलं भांडं भट्टीत गेलं की आतल्या पाण्याची वाफ होते आणि ते फुटतं, आणि एकटं फुटत नाही, शेजारपाजारच्यांना घेऊन फुटतं. हे मी त्यांना एकदा समजावून सांगितलं आणि पस्तावले. रोज मळून झालं की मागून यायचे आणि मी चहा पीत असताना मातीनं गारठलेला पंजा माझ्या गालाला लावायचे. मी ओरडायची.

"ओरडतेस काय? वाळलीस का बघत होतो."

"मग?"

"नाही. ओल आहे अजून."

"गार तुमचा हात आहे, मी नाही," मी म्हणायची. एवढाच काय तो आमचा शृंगार, साठी उलटल्यानंतरचा.

प्रदर्शनात ते मागच्या खुर्चीवर बसून वर्तमानपत्रात मग गुंडाळून द्यायचे. मी त्यांना गिऱ्हाइकांपासून लांब ठेवायचा प्रयत्न करायची, पण कान तिखट. कुणी विचारलं, "हे सगळं हातानं केलंय का?" की मागून आवाज यायचा, "नाही, पायानं. तिचे हात दुखतात." कुणी म्हणालं, "प्लास्टिकचा याच्या निम्म्यात मिळतो," की म्हणायचे, "मग तोच घ्या, फुटतही नाही." निम्मी गिऱ्हाइकं हसून मग घ्यायची आणि निम्मी निघून जायची. मला दोन्हींचा ताप व्हायचा. आज कुणी मला तो ताप परत दिला तर मी काय वाटेल ते देईन.

मार्चमध्ये, एका सोमवारी, चहा घेता घेता ते गेले. कप खाली ठेवला, मला वाटलं काही बोलणार आहेत, आणि मान बाजूला कलली. दवाखान्यात नेलं तेव्हा काही उरलं नव्हतं.

दहनाला मी गेले होते. विद्युतदाहिनी होती. लोखंडी दार, भिंतीवर बटण, वर लाल दिवा. मुलीनं बटण दाबलं आणि मी त्या लाल दिव्याकडे बघत राहिले, कारण तसाच दिवा माझ्या भट्टीवर आहे. पूर्वी सरणावर कवटी फुटल्याचा आवाज येईपर्यंत माणसं थांबायची, म्हणजे सुटका झाली असं समजायची. इथे काही ऐकू आलं नाही. कुणीतरी म्हणालं, चला, आणि आम्ही निघालो. काहीतरी अर्धवट टाकून आल्यासारखं मला वाटत राहिलं आणि ते मी कुणाला बोलून दाखवलं नाही.

तेरावं झालं, माणसं पांगली. हिंजवडीला नोकरी करणारी मुलगी आठ दिवस राहून गेली. मग मी मागच्या गॅलरीत गेले आणि पिंपाचं झाकण काढलं. शनिवारची माती आत होती, ते गेले त्याच्या आदल्या शनिवारची, त्यांनी मळलेली. एकवीस गोळे. पहिलं फडकं उलगडलं आणि तिथेच खाली बसले. तीन बोटं नीट, एक मध्येच संपलेलं. बोटांवरच्या बारीक रेघासुद्धा उमटल्या होत्या. माणूस राख झाला, राख नदीला गेली, आणि हात इथे पिंपात ओला होता.

मी काय करणार होते? पाण्याचा हबका मारला आणि फडकं पुन्हा गुंडाळलं. ओली माती तशीच राहते, वाळली की तडकते, हे कुठल्याही कुंभाराच्या पोराला ठाऊक असतं. आठवड्यातून दोनदा मी झाकण काढायची, एकेक फडकं उलगडायची, पाणी शिंपडायची, बोटं बघायची आणि पुन्हा बंद करायची. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याखाली पिंप तापायचं, तेव्हा रोज शिंपडायची. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, तू ते यूज तरी कर, नाहीतर फेकून दे. इट्स जस्ट क्ले गं." मी फोन ठेवून दिला. दोन दिवस तिचे फोन घेतले नाहीत.

आणि सकाळी सातला आवाज यायचा. धप. मी पहिल्यांदा वरच्या मजल्यावर गेले, म्हटलं कुणी कपडे आपटत असेल. त्यांच्याकडे मशीन होतं. शेजारी विचारलं, तिथेही कुणी काही कुटत नव्हतं. मी वेडी नाही, मला कळत होतं की तो आवाज कानात आहे, गॅलरीत नाही. पण मी गॅलरीचं दार उघडून बघायचंही टाळायची. उघडलं आणि तिथे कुणी नसलं तर आवाज थांबेल, याची भीती होती. तो ऐकतच मी चहा ठेवायची. दोन कप.

सहा महिने भट्टी पेटवली नाही. तो लाल दिवा मला नको होता.

सप्टेंबरमध्ये दिवाळीच्या प्रदर्शनाच्या बाईंचा फोन आला. आमचा अर्ज फेब्रुवारीतच भरून गेलेला होता, यांच्या अक्षरातला. "येणार ना?" बाईंनी विचारलं. मी हो म्हणून गेले. हो म्हटल्यावर लक्षात आलं, घरात मळलेली माती फक्त तीच होती. नवीन गोणी आणून मळण्याची मनगटांत ताकद नव्हती आणि दुसऱ्या कुणाला ते काम देण्याची तर अजिबात नाही. मग वाटलं, ही माती किती दिवस अशी ठेवणार? आज ना उद्या कुणीतरी हात लावणारच, तो माझा असू दे.

पहिल्या गोळ्यावर मी माझा पंजा ठेवला. माझी बोटं त्यांच्या ठशात हरवली. डोळे मिटले आणि गोळा चाकावर आपटला. चाक फिरलं, हातात पाणी घेतलं, आणि बोटं गेली. मी रडले, पण मगही काढला, आणि बरा निघाला. तीन दिवसांत वीस मग झाले. एकही चुकला नाही. मी चुकण्याची वाटच बघत होते की काय कोण जाणे, पण विसातला एकही कोलमडला नाही, आणि एकविसाव्या गोळ्याला हात लावायचं कारण उरलं नाही.

तो गोळा मला ठेवायचा होता. कायमचा. ओला ठेवून किती दिवस ठेवणार, मी गेल्यावर कोण शिंपडणार? भाजला की दगड होईल, उशाशी ठेवता येईल, मुलीला देता येईल. एवढं एकच मला हवं होतं, बाकी मग फुटले असते तरी चाललं असतं असं तेव्हा मी मनाशी म्हटलं. असं म्हणू नये.

भरीव गोळा भाजायचा असेल तर तो खालून कोरून पोकळ करावा लागतो. माझ्याकडे अधूनमधून शिकायला येणाऱ्या पोरींना मी पहिल्याच आठवड्यात हे सांगते. सुरी घेतली, गोळा उलटा केला, टोक टेकवलं. आणि कोरणार काय, त्यांच्या हाताखालची माती? सुरी ठेवून दिली. म्हटलं, नीट वाळवू, तेवढं पुरे. तीन आठवडे फळीवर ठेवला. वरून पांढरा पडला, बोटांच्या रेघा आणखी स्पष्ट झाल्या.

भट्टी भरायच्या दिवशी मी प्रत्येक मग गालाला लावून पाहिला. वीसच्या वीस कोरडे, उबदार. शेवटी गोळा घेतला आणि बोटांची बाजू गालाला लावली.

गार होता.

सतरा-अठरा वर्षं मी हे काम करते आहे. गार म्हणजे काय हे माझ्या गालाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण त्या क्षणी मला ओल आठवली नाही. मला हात आठवला. तो तसाच असायचा, रोज सकाळी, असाच गार, असाच खरबरीत. मी डोळे मिटून तो गोळा गालाशी किती वेळ धरला कुणास ठाऊक. मग भट्टीत ठेवला, वरच्या फळीवर, मधोमध, भोवती मग. दार लावलं आणि सहा महिन्यांनी बटण दाबलं. लाल दिवा लागला. बघवला, हेच मला मोठं वाटलं.

साडेदहाच्या सुमाराला मी स्वयंपाकघरात होते आणि मागून आवाज आला.

धप.

खोटं कशाला सांगू, मी घाबरले नाही. मी हसले. आज उशीर केलात, असं काहीसं तोंडातून आलं आणि हात चहाच्या भांड्याकडे गेला. भांड्यात पाणी घेतल्यावर कळलं. हा आवाज कानातला नव्हता. हा गॅलरीतला होता.

तेव्हाच भट्टी बंद केली असती तर काहीतरी वाचलं असतं. इतक्या कमी आचेवर माती कच्चीच असते. तुकडे पाण्यात टाकले असते तर विरघळून पुन्हा माती झाली असती, पुन्हा मळता आली असती. हे मला भट्टीसमोर उभी असताना पूर्ण ठाऊक होतं. बोट बटणावर होतं. पण एकदा लावलेली आग मध्येच विझवायची? लाल दिव्याकडे बघताना मला वाटलं, त्या दिवशी जो आवाज ऐकू आला नव्हता तो हाच. आता सुटले. मी बोट काढून घेतलं आणि भट्टी पूर्ण होऊ दिली.

गरम भट्टी उघडता येत नाही, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबावं लागतं. उघडली. गोळ्याचा चुराडा झाला होता. वरच्या फळीवरचे सगळे मग त्याच्याबरोबर गेले होते, फळी तडकून खाली कोसळली होती आणि खालचेही बहुतेक चेपले होते. विसातले चार उरले. मी तुकडे चाळले. एका तुकड्यावर एका बोटाच्या रेघा सापडल्या, कुठलं बोट ते कळेना. आखूड बोट मात्र कुठेच मिळालं नाही.

आणि एका जाड ढेकळाची गाभ्यापासून उकललेली आतली बाजू पाहिली तेव्हा लख्ख कळलं. सहा महिने. आठवड्यातून दोनदा, उन्हाळ्यात रोज. ते पाणी आत मुरलं होतं, गाभ्यापर्यंत, तीन आठवड्यांत थोडंच जाणार होतं? त्यांना मीच ओलं ठेवलं होतं. माझ्याच मायेनं तो गोळा फुटला. मी उघड्या भट्टीत तोंड घालून ओरडले, "एक माझ्या चुकीचा, नाही का? घ्या! आता तरी समाधान झालं?" शेजारच्या बाईंनी खिडकी लावून घेतल्याचं ऐकू आलं.

मुलगी संध्याकाळी आली. तिनं सगळे तुकडे एका गोणीत भरले. "आई, मी घेऊन जाते हे. तू बघू नकोस."

"हात लावू नकोस त्याला," मी म्हटलं. तिला वाईट वाटलं. पण गोणी तिथेच राहिली.

प्रदर्शनाला गेले. चार मग आणि जुना उरलेला माल मांडून बसले. शेजारी नेहमीची गोधडीवाली होती, वाघोलीकडची. तिला कुणी कळवलं नव्हतं. मागची खुर्ची रिकामी बघून म्हणाली, "काकू, काका नाय आले?"

मी सांगितलं. गोळ्याचंही सांगितलं, का कोण जाणे. मुलीलाही इतकं सगळं सांगितलं नव्हतं. गोणीचं काय करू कळत नाही, म्हटलं, टाकवत नाही आणि ठेववतही नाही. ती सुईत दोरा ओवत ऐकत होती. दोन्ही हातांनी पुढ्यातली गोधडी माझ्यासमोर पसरली. मधोमध एक विटकं जांभळं लुगडं होतं.

"ही इकायची न्हाई, माझी हाय. हे माझ्या आईचं. माणूस गेलं म्हणून कापड फेकायचं नसतंय, काकू, आन् पेटीतबी ठिवायचं नसतंय. कसर लागती. फाडून गोधडीत घालायचं. पांघराय ऱ्हातंय."

एवढं बोलून ती गिऱ्हाइकाकडे वळली. मी दिवसभर त्या लुगड्याकडे बघत बसले.

भाजलेल्या मातीचा चुरा कच्च्या मातीत मिसळण्याची रीत आमच्या कामात जुनीच आहे. त्यानं माती सोसणारी होते, वाळताना तडकत नाही, आचेला टिकते. मी ते कधी केलं नव्हतं, कारण चुऱ्याची माती हाताला टोचते आणि मला गुळगुळीत माल आवडायचा. प्रदर्शन संपलं त्या आठवड्यात मी पेठेत जाऊन लोखंडी खलबत्ता आणला आणि गोणी उघडली. बोटाच्या रेघांचा तो एक तुकडा बाजूला ठेवावा का, यावर बराच वेळ घालवला. मग तोही खलात टाकला. बाजूला ठेवून काय होतं ते मी पाहिलं होतं.

कुटायला चार दिवस लागले. पिठाच्या चाळणीनं चाळलं. नवीन मातीची गोणी आणली, फळीवर घेतली, त्यात मूठ मूठ चुरा घातला आणि मनगटांना पट्टे बांधून स्वतः मळायला बसले. थोडी थोडी, एका वेळी पाच गोळ्यांपुरती. पहिल्याच रेट्याला तळव्यात कण टोचला. मी हात काढून घेतला, पाहिला, आणि पुन्हा ठेवला. धप. आवाज माझाच होता. त्या दिवसानंतर सकाळी सातला दुसरा आवाज आला नाही. त्याचं मला दुःख झालं, हेही सांगून टाकते.

संक्रांतीच्या प्रदर्शनात ते मग मांडले. बाहेरून बारीक ठिपके दिसतात आणि हात फिरवला की लागतात. एका गृहस्थांनी मग उचलला, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "जरा खरखरीत आहे हो. पॉलिश करायचं राहिलं का?"

"नाही," मी म्हटलं. "स्वभाव आहे तो."

मागच्या खुर्चीकडे माझी मान आपोआप वळली. ती रिकामी होती. गृहस्थ हसले आणि दोन मग घेऊन गेले. गुंडाळून मीच दिले.

मागच्या शनिवारी पुढच्या प्रदर्शनाची माती मळून झाली. चार दिवस थोडी थोडी मळून वीस गोळे झाले, वजन करून. मग हात थांबेना, एकविसावाही वळला. माझ्या चुकीचा. त्यावर थाप मारली आणि हात उचलला तेव्हा पाहिलं, तीन बोटं नीट उमटली होती आणि करंगळीशेजारचं मध्येच संपलं होतं. माझी दहाही बोटं धडधाकट आहेत. ते बोट मी कधी दुमडलं, मला माहीत नाही.

गॅलरीत कुणी नव्हतं. फडकं ओलं करून तयार होतं, पिंपाचं झाकण उघडं होतं. मी गोळा उचलून गालाला लावला. गार होता. म्हणजे ओला होता, एवढंच. मी चाक सुरू केलं आणि तो आधी घेतला.